न ओढलेल्या विडीचा दमा

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला 'हवेचे प्रदूषण आणि फुप्फुसांचे आरोग्य' हा विषय दिला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी कला शाखेची पदवीधर. बी. ए. ला इतिहास घेतला आणि पुढे बँकेत कारकून झाले. फुप्फुसाबद्दल बोलायला छातीचे डॉक्टर बोलवा, असे मी त्यांना सुचवले. त्यावर ते म्हणाले, "ताई, डॉक्टर येऊन औषध सांगून जातील. तुम्ही आईला घेऊन जेवढ्या फेऱ्या मारल्यात, त्या सांगा." म्हणून मी आज उभी आहे. जे वाचले ते आणि जे पाहिले ते, एवढेच सांगणार आहे. शास्त्राची गोष्ट जिथे आली तिथे मी आकडा तपासून घेतला आहे. आकडा तपासल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही नोकरीने लावलेली सवय आहे.

हवेचे प्रदूषण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? नोव्हेंबरातली दिल्ली, कारखान्याचे धुरांडे, मागून काळा धूर सोडणारा ट्रक. हे सगळे खरेच आहे. वर्तमानपत्रात छायाचित्र येते ते त्याचेच. पण माझ्या माहितीतला ज्या माणसाचा श्वास सर्वात आधी गेला, ते माणूस दिल्लीला कधी गेले नव्हते आणि कारखान्याच्या फाटकातूनही कधी आत गेले नव्हते. ते माणूस म्हणजे माझी आई. आम्ही तिला माय म्हणायचो.

आमचे गाव विदर्भातले. घर दोन खणांचे, त्यातला मागचा खण म्हणजे स्वयंपाकघर. भिंतीला वरच्या बाजूला हातभर झरोका, तोही थंडीत पोत्याने बुजवलेला. चुलीत जाळायला तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. पावसाळ्यात हे सगळे ओले. ओल्या गोवरीचा धूर ज्यांनी सोसला आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको. माय फुंकणी घेऊन चुलीपुढे वाकायची, फुंकायची आणि पुढचा श्वास त्याच धुरातून घ्यायची. आढ्याला काजळीच्या लोंबत्या दोऱ्या असत. म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, धुराने छपराला कीड लागत नाही. ते खरेही असेल. छपराला कीड लागली नाही, हे मात्र मी पाहिले आहे.

मायला चाळिशीतच खोकला लागला. सकाळी उठल्यावर अर्धा तास खोकायची, पांढरा बेडका पडायचा, मग दिवसभर काम. पुढे विहिरीवरून घागर आणताना ती वाटेत दोनदा थांबू लागली. गावात कोणी म्हणाले दमा आहे, कोणी म्हणाले टीबी आहे. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी थुंकीत काही निघाले नसताना सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. लघवी लाल झाली, खोकला तसाच राहिला. २०११ साली मी तिला शहरात आणले आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि विचारले, "आजी, किती वर्षं विडी ओढताय?"

मायला तो अपमान वाटला. ती म्हणाली, "मी कायले ओढू बापा विडी? माया घरात बुढ्यानंबी कधी ओढली नाही."

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "चुलीवर किती वर्षं रांधलंत? दिवसाला किती तास?" माय पंधराव्या वर्षी सासरी आली. मी तिच्या वतीने हिशेब केला. सकाळ-संध्याकाळ मिळून पाच तास आणि बेचाळीस वर्षे. डॉक्टरांनी कागदावर गुणाकार केला, २१०. मी विचारले, हे काय? तर याला तास-वर्षे म्हणतात. बँकेत व्याज काढताना आम्ही शिल्लक आणि दिवस यांचा गुणाकार करतो, तसाच हा प्रकार. रोज किती तास धुरात बसलात आणि किती वर्षे बसलात, यांचा गुणाकार. मेक्सिकोतल्या स्त्रियांवर केलेला एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात हाच हिशेब वापरला होता. तास-वर्षे जितकी वाढत गेली, तितका श्वासनलिकांच्या जुनाट आजाराचा धोका चढत गेलेला दिसला. मेक्सिकोतली बाई मक्याची पोळी भाजते आणि माझी आई ज्वारीची भाकरी थापत होती. फुप्फुसाला त्यातला फरक कळत नाही.

मग तिला एका यंत्रात फुंकायला लावले. त्याला स्पायरोमीटर म्हणतात. खोल श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि सगळी हवा एका दमात जोराने बाहेर सोडायची. यंत्र दोन गोष्टी मोजते: एकूण किती हवा सुटली आणि पहिल्या सेकंदात किती सुटली. निरोगी माणसाची सत्तर टक्क्यांहून जास्त हवा पहिल्या सेकंदातच बाहेर येते. मायची निम्मीसुद्धा आली नाही. बाकीची हवा आत अडकून होती आणि शिळ वाजवत हळूहळू बाहेर येत होती. डॉक्टर म्हणाले, "हा सीओपीडी." श्वासमार्ग अडवणारा जुनाट रोग. औषधाने आराम पडेल, पण जे गेले ते परत यायचे नाही. आणि त्यांनी असेही सांगितले की, हा रोग फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा, असे वैद्यकीय पुस्तकांनीच वर्षानुवर्षे शिकवले, त्यामुळे चुलीपुढच्या बायकांकडे पाहायचे राहून गेले.

हे वाक्य माझ्या मनात राहिले. पुढे मी वाचायला लागले, तेव्हा कळले की पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नेमका याच विषयावर लेख लिहिला होता. त्यांचा अंदाज असा की, सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. जगात धूम्रपान करणारे सुमारे शंभर कोटी, आणि लाकूड, शेण, पालापाचोळा यांच्या धुरात जगणारे सुमारे तीनशे कोटी. न ओढलेल्या विडीचा दमा एवढ्या लोकांच्या वाट्याला आहे.

आता थोडे शरीराबद्दल. विद्यार्थ्यांनी इकडे लक्ष द्यावे.

स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण सात लिटर हवा आत घेतो. दिवसाची मिनिटे १,४४०. गुणाकार करा, दहा हजार लिटर होतात. पाणी आपण दिवसाला दोन-तीन लिटर पितो आणि तेही गाळून, उकळून पितो. दहा हजार लिटर हवा मात्र जशी मिळेल तशी घेतो. ही हवा श्वासनलिकेतून आत जाते, नलिकेला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे, असे सुमारे तेवीस वेळा, आणि शेवटी वायुकोशांचे घोस लागतात. त्यांची संख्या तीस कोटींच्या घरात किंवा त्याहूनही जास्त. सगळे उलगडून पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर. आपल्या वसाहतीतल्या घरांपेक्षा मोठी जागा प्रत्येकाच्या छातीत आहे!

या जागेला राखणदार आहेत. नाकातले केस, नलिकेतला चिकट द्राव आणि तो द्राव वर ढकलणारी सूक्ष्म रोमांची फौज. मोठी धूळ नाकातच अडते. दहा मायक्रोमीटरपर्यंतचे कण वरच्या नलिकांत पोचतात. पण अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण राखणदारांना चुकवून थेट वायुकोशापर्यंत जातात. अडीच मायक्रोमीटर म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीचा विसावा ते तिसावा हिस्सा. वर्तमानपत्रात 'पीएम २.५' असे छापून येते ते हेच. आत गेलेले कण खाऊन टाकायला शरीराच्या पेशी धावतात. त्या कणांशी झुंजताना आजूबाजूच्या भिंतीही सुजतात. हे एक दिवस झाले तर सूज उतरते. रोज झाले तर नलिकेची भिंत जाड होत जाते, आतली वाट अरुंद होते, रोम झडतात आणि मग द्राव वर आणण्यासाठी खोकण्याशिवाय मार्ग उरत नाही. सकाळचा तो अर्धा तासाचा खोकला म्हणजे झडलेल्या रोमांचे काम माणूस स्वतः करीत असतो. काहींच्या वायुकोशांमधल्या भिंतीही फाटतात. विडीवाल्यांत हे फाटणे जास्त दिसते, तर चुलीच्या धुरात नलिका जाड होण्याचा भाग जास्त आढळतो. अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात आणि हृदयाला त्रास देतात. तो वेगळा विषय आहे, आज त्यात जात नाही.

हे सगळे वाचताना मला माझ्या टेबलावरचे काम आठवत होते. फुप्फुस हे एक खाते आहे असे समजा. जन्मापासून वीस-पंचवीस वर्षांपर्यंत त्यात भरणा होत असतो. वायुकोशांची संख्या पहिल्या काही वर्षांत वाढते, मग छातीबरोबर फुप्फुस मोठे होते. पंचविशीच्या आसपास शिल्लक सर्वात जास्त. त्यानंतर भरणा बंद, फक्त उचल. निरोगी माणसाचीही पहिल्या सेकंदाची हवा दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलीलिटरने कमी होत जाते. ते वयाचे देणे आहे, कोणाला चुकत नाही. धूर काय करतो? मोठ्या माणसाच्या खात्यातून उचल वाढवतो आणि लहान मुलाच्या खात्यात भरणाच कमी होऊ देतो. दुसरी गोष्ट मला जास्त भयंकर वाटते. कारण मुलाला त्या वेळी काहीच होत नाही. ते खेळते, पळते, शाळेत जाते. खात्यात कमी पडले होते हे पन्नाशीत कळते.

ही माझी कल्पना नव्हे. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बारा गावांतल्या १,७५९ मुलांची फुप्फुसे वयाच्या दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत दरवर्षी मोजली गेली. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिथे सूक्ष्म कण सर्वात कमी होते तिथे अठराव्या वर्षी क्षमता बरीच कमी असलेली मुले दीड टक्क्याच्या आसपास होती. जिथे कण सर्वात जास्त होते तिथे सुमारे आठ टक्के, म्हणजे जवळजवळ पाचपट. ही खात्यापित्या देशातली मुले होती, आणि त्यांच्या वाट्याला आलेली हवा आपल्या अनेक शहरांतल्या हवेपेक्षा चांगलीच होती. पण याच अभ्यासाचा पुढचा भाग मला तुम्हाला मुद्दाम सांगायचा आहे. त्या प्रदेशात वाहनांचे आणि इंधनाचे नियम कडक झाले, हवा वर्षागणिक सुधारली. मग नंतरच्या मुलांच्या तुकड्या मोजल्या. पंधराव्या वर्षी क्षमता कमी असलेल्यांचे प्रमाण पहिल्या तुकडीत ७.९ टक्के होते, ते पुढच्या तुकडीत ६.३ आणि शेवटच्या तुकडीत ३.६ टक्क्यांवर आले. २०१५ साली हे जाहीर झाले. म्हणजे हवा सुधारली की भरणा वाढतो, आणि तोही एका पिढीच्या आत.

घरातल्या धुराचीही अशीच साक्ष आहे. चीनच्या युन्नान प्रांतात झुआनवेई नावाचा भाग आहे. तिथे घरात बिनधुरांड्याच्या उघड्या शेगडीत धुरकट कोळसा जाळीत. बायका विडी ओढत नसत, तरी त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग फार होता. लोकांनी शेगड्यांना धुरांडी बसवली. पुढे अनेक वर्षे नोंदी ठेवल्या, तर कर्करोग पुरुषांत आणि स्त्रियांत चाळीस टक्क्यांहून जास्त घटला आणि सीओपीडीही कमी झाला. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस जो विषारी धुराळा बसला आणि ज्याने हजारो माणसे मेली, त्यातही घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्यांचा मोठा वाटा होता. तिथे १९५६ साली कायदा झाला. त्या कायद्याने धुरावर बंदीही आणली आणि शेगडी बदलण्याच्या खर्चातला मोठा वाटाही सार्वजनिक पैशातून दिला. नुसती बंदी घालून गरिबाची चूल विझत नाही, हे इंग्रजांना आपल्या घरी कळले होते.

आपल्याकडे १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. तिच्याबद्दल मी बँकेच्या खिडकीमागून बोलते. गॅसचे अनुदान खात्यात जमा होते, त्यामुळे बायका पासबुक घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, गॅसचे पैसे आले का?" २०२२ मध्ये उज्ज्वलाच्या सिलिंडरमागे दोनशे रुपये अनुदान झाले, ऑक्टोबर २०२३ पासून तीनशे. एका बाईंच्या पासबुकात मी वर्षाच्या नोंदी पाहिल्या. दोनच जमा. मी सहज विचारले, "मावशी, वर्षात दोनच सिलिंडर?" त्या म्हणाल्या, "ते पाहुणे आले की चहाला." पाच माणसांच्या घराला एक सिलिंडर दीड महिना पुरतो. महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालातही उज्ज्वलाच्या ग्राहकांचे वर्षाला सरासरी तीनच्या थोडे वर सिलिंडर भरले जात असल्याची नोंद आहे. पाहणी अहवालांवरून देशात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरे २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाली. ही वाढ मोठी आहे, ती मी कमी लेखत नाही. पण ग्रामीण भागात निम्म्याहून जास्त घरे तेव्हाही चुलीवरच होती. ज्या घरात सिलिंडर आहे, तिथेही आंघोळीचे पाणी, भाकरी आणि गुरांचे आंबोण चुलीवर असते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सिलिंडर आला म्हणजे सगळे मिटले, असे नाही. भारतासह चार देशांत एक मोठा प्रयोग झाला, आपल्याकडे तो तामिळनाडूत झाला. गरोदर स्त्रियांच्या घरी गॅस आणि सिलिंडर फुकट दिले. घरातला धूर पुष्कळ कमी झाला. पण २०२४ साली जो निष्कर्ष आला त्यात तान्ह्या बाळांचा गंभीर न्यूमोनिया लक्षात घेण्याइतका घटलेला दिसला नाही. न्यूमोनियाची कारणे अनेक असतात. शिवाय मला वाटते, एका घराने चूल विझवली तरी शेजारच्या दहा घरांचा धूर त्याच गल्लीत असतो. देशात बाहेरच्या हवेतल्या सूक्ष्म कणांपैकी सुमारे एक-चतुर्थांश घरगुती इंधनाच्या धुरातूनच येतात, असा अंदाज आहे. आत-बाहेर असा भेद आपण बोलण्यापुरता करतो. हवेला उंबरठा नसतो.

सरकारी मापाबद्दल दोन शब्द. आपल्या देशाने २००९ साली ठरवलेली सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपली मर्यादा दहावरून पाचवर आणली. म्हणजे 'हवा मर्यादेत आहे' असे कोणी सांगितले तर कोणाच्या मर्यादेत, एवढे विचारावे. २०१९ या एका वर्षात भारतात १६ लाख ७० हजार मृत्यू हवेच्या प्रदूषणाशी निगडित होते, असा अंदाज भारतीय शास्त्रज्ञांनी मांडला. त्यातले सुमारे सहा लाख घरातल्या धुराचे.

आता आपल्या वसाहतीकडे येते. काही जणांना राग येईल, त्यांची आधीच क्षमा मागते.

आपल्याकडे चूल राहिली नाही, हे खरे. पण संध्याकाळी दारे-खिडक्या लावून आपण डासांची कॉइल पेटवतो आणि उशाशी बाळ झोपवतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण मोजले गेले. मच्छरदाणी बांधायला दोन मिनिटे लागतात. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी आणि बाळाला ओव्याची, बाळंतशोपेची धुरी ही आपली जुनी चाल आहे. माझ्या दोन्ही लेकरांना माझ्या सासूबाईंनी ती मायेनेच दिली आणि मीही तेव्हा काही बोलले नाही. आज बोलले असते. त्या वयात खात्यातला पहिला भरणा चालू असतो. आणि अगरबत्ती! एक ग्रॅम अगरबत्ती जळताना एक ग्रॅम सिगारेटपेक्षा चारपटीहून जास्त कण सोडते, असे मोजलेले आहे. वंदनेला एक अगरबत्ती लावावी, खिडकी उघडी ठेवावी. जुडगेच्या जुडगे लावून दार बंद करून ज्येष्ठांना आत बसवू नये, एवढेच माझे म्हणणे. मागच्या पौर्णिमेला दोन आजी खोकत बाहेर आल्या, हे सर्वांनी पाहिले आहे.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना खास विनंती. तुम्ही पहाटे पाचला महामार्गाच्या कडेने धावता. हिवाळ्यात पहाटे गार हवेचा थर खाली बसलेला असतो आणि रात्रभराचा धूर त्यातच कोंडलेला असतो. धावताना माणूस बसल्यापेक्षा दहापट हवा ओढतो आणि तोंडाने ओढतो, म्हणजे नाकातला राखणदारही सुट्टीवर असतो. ऊन थोडे चढल्यावर धावा आणि रस्ता सोडून मैदानात जा. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, रुमालाच्या विणीतून हे कण सहज जातात. धुळीत काम करणाऱ्यांनी एन-९५ मास्क वापरावा. आपल्यातले किती जण झाडू खात्यात आहेत, खडी फोडायला आहेत, ते मी सांगायला नको. त्यांना मास्क मालकाने दिला पाहिजे, तो मागायला लाजू नये.

मायबद्दल थोडे राहिले. डॉक्टरांनी तिला श्वासावाटे घ्यायचे औषध दिले. ती पंप घ्यायला तयार नव्हती, कारण पंपाची सवय लागते असे तिला कोणीतरी सांगितले होते. हा समज आपल्याकडे फार आहे. पंपातले औषध थेट नलिकेत जाते, म्हणून ते गोळीपेक्षा फार कमी मात्रेत लागते. सवय लागते ती श्वास नीट घेण्याची. सहा महिन्यांनी तिने ऐकले. त्यानंतर ती जिना एका दमात नाही, पण दोन दमांत चढू लागली. आणखी सात वर्षे तिने नातवंडांत काढली. २०१८ च्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेली. त्याआधी एकदा तिने मला विचारले होते, "तू बी तं माया पाशीच बसायची चुलीपाशी. तुले काही होनार नाही ना?"

मी तेव्हा हसून टाळले. पण हिशेब डोक्यात बसला. दादा ओसरीवर कंदिलापाशी अभ्यास करायचा आणि मी भाकऱ्या शेकताना मांडीवर पुस्तक घ्यायची. रोज तीन तास, नऊ वर्षे, म्हणजे २७ तास-वर्षे. गेल्या वर्षी मी स्वतः यंत्रात फुंकून आले. माझा आकडा निरोगी मर्यादेत आहे, पण खालच्या काठाला. तो चुलीमुळेच, असे एका मोजणीवरून कोणी सांगू शकत नाही, डॉक्टरांनीही सांगितले नाही. मला फक्त आज किती शिल्लक आहे ते कळले आणि दरवर्षी पुन्हा मोजायचे ठरवले.

या सभागृहात पन्नाशीपुढच्या किमान तीस भगिनी आहेत ज्यांनी गावाकडे वीस-वीस वर्षे चूल फुंकली आहे. त्यांच्यापैकी कितीजणींना जिना चढताना दम लागतो आणि 'वय झालं' म्हणून त्या गप्प बसतात? सरकारी दवाखान्यात छातीच्या विभागात ही तपासणी अगदी थोडक्या पैशांत होते. टोचत नाहीत, रक्त काढत नाहीत. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी माझी बँक बंद असते आणि दवाखान्याची ओपीडी चालू असते. मी बरोबर येईन, एका वेळी पाचजणी. नावे आजच महिला मंडळाच्या वहीत लिहून ठेवावीत. येताना आधारकार्ड, जुने कागद आणि चालू औषधांची चिठ्ठी आणावी. सकाळी पोट भरून जेवू नये, हलके खावे, आणि पंप घेत असाल तर त्या दिवशी तो किती वाजता घेतला ते लक्षात ठेवावे. रांग साडेआठला लागते. मी फाटकापाशी आठ वाजता उभी असेन.